विंडोज मारली, परवान्याचं काय?

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात. उन्हाचा कडाका ओसरेपर्यंत थांबून इकडे पहिली घंटा जूनच्या चौथ्या आठवड्यात किंवा त्याहून थोडी उशिरा वाजते. पारशिवनीत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका तंत्रज्ञाचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो. एप्रिलपासून बंद असलेल्या लॅबचं कुलूप निघतं, धूळ झटकली जाते, यंत्रं चालू होतात आणि त्याचा फोन वाजतो. “भाऊ, खालच्या कोपऱ्यात काहीतरी इंग्रजीत लिहून येऊन राहिलं. जातच नाही.” ते काय असणार, हे त्याला न पाहताच कळतं. ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज.’

गिऱ्हाइकाच्या लेखी ही किरकोळ तक्रार असते. टायपिंग होतं, छपाई होते, इंटरनेट चालतं. कोपऱ्यातली ती अक्षरं तेवढी पुसून द्यावीत. त्याच्या लेखी मात्र हेच काम सगळ्यात किचकट. हार्ड डिस्क गेली तर नवी लावता येते. रॅम नीट बसत नसेल तर तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासून ती पुन्हा बसवता येते. परवान्याच्या भानगडीत बिघडलंय काय हेच आधी शोधावं लागतं, आणि बऱ्याचदा बिघाड यंत्रात नसतोच. तो खरेदीच्या कागदात असतो.

पारशिवनी हा नागपूर जिल्ह्याच्या उत्तर भागातला तालुका. एका अंगाला पेंच व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आणि नागपूरकरांची तहान भागवणारं नवेगाव खैरीचं धरण, दुसऱ्या अंगाला कन्हानच्या परिसरातल्या कोळसा खाणी. नागपूर चाळीसेक किलोमीटरवर. एखादा सुटा भाग आणायला तिथल्या बर्डीच्या बाजारात जायचं म्हटलं की अर्धा दिवस मोडलाच. अशा गावात संगणक दुरुस्त करणाऱ्याला सगळंच यावं लागतं. त्याच्याकडे शाळांच्या लॅब आहेत, एमएस-सीआयटी शिकवणारी केंद्रं आहेत, जीसीसी-टीबीसीच्या टायपिंग संस्था आहेत, ग्रामपंचायतींचे संगणक आहेत. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीनं तालुक्या-तालुक्यात संगणकांच्या रांगा उभ्या केल्या. पुढे २०११ ते २०१५ या काळात ‘संग्राम’ प्रकल्पातून ग्रामपंचायतीही संगणकावर आल्या. एकेक सुटा संगणक दुरुस्त करणारा माणूस हळूहळू वीस-वीस, चाळीस-चाळीस यंत्रांची लॅब सांभाळू लागला, आणि इमेजची गरज तिथूनच सुरू झाली.

इमेज म्हणजे तयार केलेल्या एका संगणकाची जशीच्या तशी नक्कल. एका यंत्रावर विंडोज टाकायची, ड्रायव्हर बसवायचे, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर घालायचं, छपाईयंत्र जोडायचं, आणि मग त्या डिस्कची नक्कल बाकीच्या सगळ्या यंत्रांवर चढवायची. न्यूझीलंडच्या मरे हॅझर्ड यांनी १९९५ साली केलेला ‘घोस्ट’ हा प्रोग्राम या कामासाठी जगभर वापरला गेला. १९९८ मध्ये तो सिमँटेक कंपनीनं विकत घेतला. आता बहुतेक दुकानांत तैवानमध्ये तयार झालेलं मोफत ‘क्लोनझिला’ चालतं, तरी जुने लोक अजून ‘घोस्ट मारला’ असंच म्हणतात. प्रत्येक यंत्रावर वेगळी विंडोज मारायला दोन-तीन तास लागत असतील, तर इमेज वीस-पंचवीस मिनिटांत चढते. चाळीस यंत्रांची लॅब एका माणसाच्या हातून दोन दिवसांत उभी राहते ती याच बळावर.

यात नकलेबरोबर सगळं येतं. वॉलपेपर येतं, फाँट येतात, मुख्याध्यापकांनी डेस्कटॉपवर विसरलेली फाईलही येते. परवाना तेवढा येत नाही. सातबाऱ्याची झेरॉक्स काढली म्हणून शेत नावावर होत नाही, तहसील असलेल्या गावात हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र तोच माणूस विचारतो, “त्यात होती ना जी विंडोज, मग याच्यात काऊन नाही?”

परवान्यावर हा पहारा बसला तो २००१ साली, विंडोज एक्सपीबरोबर. त्याआधी एक सीडी आणि एक प्रॉडक्ट-की पंचवीस यंत्रांना पुरत असे. एक्सपीनं यंत्राच्या भागांवरून एक ओळख तयार करायला सुरुवात केली आणि तीस दिवसांत मायक्रोसॉफ्टकडे नोंद झाली नाही तर आत शिरायलाच मनाई केली. व्हिस्टा सुरुवातीला याहून कडक होती. मुदत संपली की तासभर इंटरनेट ब्राउझर वापरू द्यायची आणि बाहेर काढायची. पुढच्या सर्व्हिस पॅकमध्ये कंपनीलाच तो कडकपणा सोडावा लागला. विंडोज ७ पडदा काळा करायची. विंडोज १० आणि ११ कोपऱ्यात अक्षरं उमटवतात, रंग आणि वॉलपेपर बदलू देत नाहीत, बाकी काम करू देतात. शिक्षा सौम्य झाली तशी बेफिकिरीही वाढली. एक्सपीच्या काळात लॅब बंद पडायची म्हणून बोलावणं लगेच यायचं. आता कुणीतरी तपासणीला येणार असेल तेव्हाच येतं.

या तंत्रज्ञानं सुरुवातीची काही वर्षं सगळेच करतात तसं केलं. पडद्यावर चूक दाखवणारा जो आकडा दिसेल तो इंटरनेटवर शोधायचा, तिथं जो उपाय सापडेल तो करून पाहायचा. अनुभवानं क्रम उलटा झाला. आता लॅबमध्ये शिरल्यावर त्याचा पहिला प्रश्न संगणकाला नसतो, संस्थेला असतो: “सर, ही यंत्रं घेतली तेव्हाची बिलं आहेत का?”

कारण विंडोजचा हक्क तीन ठिकाणी असू शकतो. तो यंत्राबरोबर आलेला असतो, सुट्या पेटीत किंवा ऑनलाइन विकत घेतलेला असतो, नाहीतर संस्थेनं केलेल्या एकगठ्ठा कराराचा असतो. पहिल्याला ओईएम म्हणतात, दुसऱ्याला रिटेल, तिसऱ्याला व्हॉल्यूम. पडद्यावरची अक्षरं तिन्हींत सारखीच दिसतात, उपाय तिन्हींचे वेगळे. काळ्या खिडकीत ‘एसएलएमजीआर’ची आज्ञा ‘डीएलव्ही’ जोडून दिली की यंत्रावर कोणत्या जातीची विंडोज बसली आहे ते कळतं, आणि पंचवीस अक्षरी प्रॉडक्ट-कीची शेवटची पाच अक्षरं दिसतात. ती पाच अक्षरं बरंच बोलतात. ‘टी८३जीएक्स’ दिसलं की त्याला कळतं, ही प्रो आवृत्तीची की मायक्रोसॉफ्टनंच जाहीर केलेली आहे, मोठ्या संस्थांच्या अंतर्गत सर्व्हरकडून परवानगी घेण्यासाठी. ज्या दुकानात दोनच संगणक आहेत, तिथं ती आली कुठून? उत्तर गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. कुणीतरी ‘मारून’ दिलेली असते.

एका शाळेच्या लॅबमधली गोष्ट या सगळ्या गोंधळाचा नमुना म्हणावा अशी आहे. यंत्रं दोन वर्षांत दोन खेपांनी घेतलेली. दिसायला सगळी सारखी, एकाच कंपनीची. पहिल्या खेपेला विंडोज १० प्रो, दुसऱ्या खेपेला स्वस्तात मिळाली म्हणून ‘होम सिंगल लँग्वेज’, जी भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती यंत्रांवर सर्रास असते. कुणीतरी प्रोच्या यंत्राची इमेज काढून सगळीकडे चढवली. पहिली खेप बिनतक्रार चालली, दुसरी कोपऱ्यात अक्षरं दाखवू लागली. शिक्षकांचा समज असा की त्या यंत्रांतच काहीतरी खोट आहे.

खोट नव्हती. विंडोज ८ आल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, बड्या कंपन्यांच्या यंत्रांत प्रॉडक्ट-की मदरबोर्डवरच्या चिपमध्येच लिहून येते. डिस्क पुसली, बदलली, जाळली तरी ती तिथंच राहते. ती काढून वाचायची आज्ञा आहे. ‘ओए३एक्स ओरिजिनल प्रॉडक्ट की’ असं तिचं लांबलचक नाव तंत्रज्ञांना पाठ असतं. या शाळेच्या दुसऱ्या खेपेतल्या प्रत्येक बोर्डात ‘होम सिंगल लँग्वेज’ची खरी, विकत घेतलेली की होती. वर चढवलेली विंडोज प्रो होती. दोन्ही अस्सल, पण एकमेकींच्या नव्हेत. प्रोवरून होमवर नुसती की बदलून उतरता येत नाही, विंडोज नव्यानंच टाकावी लागते. म्हणून त्यानं दोन इमेज केल्या, एकेका आवृत्तीची एक. इमेज चढल्यावर बोर्डातली की वाचून विंडोजला देणारी चार ओळींची स्क्रिप्ट जोडली. अक्षरं गेली. शाळेला एक रुपयाचाही नवा परवाना घ्यावा लागला नाही, कारण तो आधीच घेतलेला होता.

अर्थात ओईएम यंत्रांवर हवी तशी इमेज चढवायची मुभा आपोआप मिळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या नियमानुसार संस्थेकडे त्याच उत्पादनाचा, त्याच आवृत्तीचा निदान एक व्हॉल्यूम परवाना असेल, तर त्या माध्यमावरून बनवलेली इमेज तिच्या बाकीच्या यंत्रांवर चढवता येते. आणि उलट बाजूनं, व्हॉल्यूमची विंडोज ही वरची पायरी आहे. खाली मूळ विंडोज असलेलं यंत्रच तिला लागतं. विंडोजशिवाय घेतलेली कोरी यंत्रं आणि वर फक्त व्हॉल्यूम परवाना, हा हिशेब कागदावर स्वस्त दिसतो आणि नियमात बसत नाही. खरेदीच्या बैठकीत हे बोलणारं कुणी नसतं. तंत्रज्ञाला बोलावतात ते यंत्रं आल्यावर.

व्हॉल्यूम परवान्याची दुखणी वेगळीच. एका महाविद्यालयानं रीतसर करार केला होता, सर्व्हरवर केएमएस बसवला होता. केएमएस म्हणजे संस्थेच्या आवारातला परवाना-कारकून: यंत्रं मायक्रोसॉफ्टकडे न जाता त्याच्याकडे जातात आणि १८० दिवसांची परवानगी घेऊन येतात, दर आठवड्याला ती आपोआप वाढवून घेतात. सगळं नीट असूनही एकही यंत्र अ‍ॅक्टिव्हेट होईना. चुकीच्या आकड्याची शेपटी ‘एफ०३८’. लॅबमध्ये यंत्रं वीस. आणि केएमएसचा नियम असा की विंडोजची किमान पंचवीस वेगवेगळी यंत्रं त्याच्याकडे आल्याशिवाय तो कुणालाच परवानगी देत नाही. व्यवस्था मोठ्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून केलेली. तालुक्याच्या महाविद्यालयात पंचवीस यंत्रं एका छपराखाली असतीलच असं नाही. उपाय करारातच होता. त्याच करारात मिळणारी एमएके प्रकारची की वापरायची, जी प्रत्येक यंत्राची नोंद थेट मायक्रोसॉफ्टकडे एकदाच करते.

त्याहून फसवा प्रकार मोठ्या लॅबमध्ये भेटतो. यंत्रं चाळीस, तरी केएमएसवरचा आकडा एकावर अडकलेला. सगळी यंत्रं विचारणा करताहेत, सर्व्हर उत्तर देतोय, पण त्याच्या मते दारात एकच माणूस चाळीस वेळा येऊन गेलाय. दोष इमेजचा. प्रत्येक विंडोज स्वतःसाठी एक ओळख-क्रमांक तयार करते आणि केएमएस तोच मोजतो. नक्कल करण्याआधी विंडोजचंच ‘सिसप्रेप’ हे साधन चालवून ‘जनरलाइझ’ केलं नाही, तर तो क्रमांकही सगळ्यांवर तसाच उतरतो. सिसप्रेप टाळायची कारणं तंत्रज्ञांना तोंडपाठ असतात. वेळ लागतो, ड्रायव्हर पुन्हा ओळखावे लागतात, आणि विंडोज १० पासून तर स्टोअरमधलं एखादं अ‍ॅप स्वतःहून अपडेट झालेलं असलं की सिसप्रेप मध्येच थांबतो. म्हणून हा तंत्रज्ञ आता मूळ यंत्र इंटरनेटला न जोडताच तयार करतो. पहिल्या पडद्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकत्र दाबून ऑडिट मोडमध्ये शिरायचं, सगळं तिथंच बसवायचं, सिसप्रेप करून यंत्र बंद करायचं आणि मगच इमेज काढायची. आधीच चढवून झालेल्या लॅबला उपाय एकच, प्रत्येक यंत्रावर जाऊन ‘रीआर्म’ची आज्ञा देणं आणि यंत्र पुन्हा सुरू करणं. ओळख-क्रमांक नवा होतो, सर्व्हरवरचा आकडा चढू लागतो. विंडोज ७ मध्ये ही सोय तीनदाच मिळायची, त्यामुळे ती जपून वापरावी लागे.

एमएकेलाही मर्यादा आहे. कराराप्रमाणे तिला ठरावीक वेळा वापरता येतं, आणि तेच यंत्र पुन्हा इमेज करून पुन्हा नोंदवलं तरी एक आकडा खर्ची पडतो. दर उन्हाळ्यात लॅब पुसून नवी करायची सवय असेल, तर दोन-तीन वर्षांत मोजणी संपते आणि ‘सी०२०’ शेपटीची चूक येते: की वापरायची मर्यादा ओलांडली. मायक्रोसॉफ्टला विनंती करून ती वाढवून मिळते. पण त्यापेक्षा सोपी वाट ‘व्हीएएमटी’ नावाच्या त्यांच्याच मोफत साधनात आहे. ते प्रत्येक यंत्राला मिळालेला संमती-क्रमांक साठवून ठेवतं आणि तेच यंत्र पुन्हा इमेज झालं की तोच क्रमांक परत लावतं. मोजणी वाढत नाही. जंगलाकडेच्या गावांतल्या शाळांसाठी त्याचा आणखी एक उपयोग त्याला सापडला. तिथं मोबाईलची रेंज येते-जाते. व्हीएएमटी इंटरनेट नसलेल्या यंत्रांच्या वतीनं दुसऱ्या यंत्रावरून नोंद करून देतं. यादी पेनड्राइव्हवर घ्यायची, पारशिवनीला येऊन क्रमांक मिळवायचे, परत जाऊन लावायचे. फोनवरून आकड्यांचे नऊ गट एकेक करून दाबत बसण्यापेक्षा हे बरं.

विदर्भाचं हवामानही या कामात हात घालतं. उन्हाळ्यात दोन-अडीच महिने लॅबचा मुख्य स्विच बंद असतो. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल जुना असेल तर तेवढ्यात संपतो, आणि यंत्र चालू केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. चुकीच्या तारखेला सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं खरी वाटत नाहीत, त्यामुळे मायक्रोसॉफ्टशी बोलणंच होत नाही. केएमएसलाही यंत्र आणि सर्व्हर यांच्या घड्याळात चार तासांहून जास्त फरक खपत नाही. जूनच्या कित्येक तक्रारी त्यानं फक्त सेल बदलून आणि तारीख लावून मिटवल्या आहेत. लॅबमध्ये गेल्यावर पहिली नजर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या तारखेवर टाकायची सवय त्याला यातूनच लागली.

मग येतो पावसाळा, आणि विजा. विजेचा लोळ लाईनमधून आला की मदरबोर्ड जातो, आणि त्याबरोबर त्यात लिहिलेली की जाते. वॉरंटीत कंपनीनं बोर्ड बदलला तर परवाना पुढे चालतो. बर्डीहून जुना बोर्ड आणून बसवला तर त्यात एक तर काहीच नसतं, नाहीतर भलत्याच यंत्राची की असते. मग यंत्र ‘हार्डवेअर बदललं आहे’ असं सांगून हटून बसतं, किंवा गंमत म्हणजे काही न सांगता अ‍ॅक्टिव्हेट होतं, पण दुसऱ्याच आवृत्तीवर. रिटेल परवाना असेल तर तो नव्या बोर्डावर नेता येतो. ऑगस्ट २०१६ नंतरच्या विंडोज १० मध्ये डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेला असेल तर ‘मी नुकतंच हार्डवेअर बदललं’ असं सांगून तो परत मिळवता येतो. ओईएमला ही वाट नाही. हजार-दोन हजार वाचवायला आणलेल्या बोर्डाबरोबर विंडोजचा खर्चही येतो, हे तो आता बोर्ड काढण्याआधी सांगतो.

अलीकडे सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या जुन्या, कंपन्यांतून निघालेल्या यंत्रांच्या. ही यंत्रं चांगली असतात आणि स्वस्त पडतात, म्हणून शिकवणी वर्ग आणि छोटी कार्यालयं तीच घेतात. विकणारा दाखवतो, “बघा, विंडोज प्रो, अ‍ॅक्टिव्हेटेड.” तेव्हा ते खरंही असतं. पण ती परवानगी मूळ कंपनीच्या केएमएसनं दिलेली, १८० दिवसांची. यंत्र पारशिवनीत आल्यावर तो सर्व्हर भेटणार कुठून? यंत्र बिचारं दर आठवड्याला हाक मारत राहतं आणि सहा महिन्यांनी एका सकाळी अक्षरं दाखवतं. तोवर विकणाऱ्याचा फोन लागत नाही. खोक्यावर विंडोज ७ प्रोचं जुनं स्टिकर असतं, पण त्याचाही आधार आता गेला: जुन्या ७ आणि ८ च्या की वापरून १० किंवा ११ अ‍ॅक्टिव्हेट करायची वाट मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

कधी कधी दोष ना यंत्राचा असतो ना इमेजचा. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तपासणी-सर्व्हरमधल्या गोंधळानं जगभरातल्या हजारो अस्सल विंडोज नकली ठरल्या होत्या. ८ नोव्हेंबर २०१८ ला रीतसर अ‍ॅक्टिव्हेट झालेल्या विंडोज १० प्रो यंत्रांना अचानक ‘तुमचा परवाना होमचा आहे’ असा संदेश येऊ लागला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ८ जानेवारी २०१९ च्या सुमारास, केएमएसवर चालणारी विंडोज ७ यंत्रं ‘अस्सल नाही’ असं म्हणू लागली. कंपनीनं सर्व्हरवर केलेला बदल मागे घेतला तेव्हा थांबली. अशा वेळी घाईनं की बदलणारे, विंडोज पुन्हा मारणारे हात पोळून घेतात. सकाळपर्यंत चाललेली, काहीही न बदललेली यंत्रं एकाच दिवशी घोळक्यानं तक्रार करू लागली तर एक दिवस थांबायचं, हे या तंत्रज्ञाचं धोरण आहे. गिऱ्हाइकाला ते आळशीपणाचं वाटतं.

आणि मग ती दुसरी वाट, जी सगळ्यांना ठाऊक असते. पेनड्राइव्हवर फिरणारा ‘अ‍ॅक्टिव्हेटर’. एक बटण दाबलं की अक्षरं गायब. तो यंत्राच्या आतच एक खोटा केएमएस उभा करतो आणि विंडोज फसते. त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो, आणि तिथंच खरी मेख आहे: आत काय येतं ते बघणारं कुणी उरत नाही. या नावाखाली फिरणाऱ्या फाइलींतून पासवर्ड चोरणारे प्रोग्राम शिरल्याचं सुरक्षा-संशोधकांनी अनेकदा दाखवलं आहे. ज्या संगणकावरून दाखले निघतात, लोकांचे आधार क्रमांक भरले जातात, तिथं ही फट ठेवणं म्हणजे गावाची माहिती उघड्यावर टाकणं. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणाऱ्या कीचंही तेच. त्यातल्या कित्येक कुणाच्या तरी व्हॉल्यूम करारातून फुटलेल्या असतात, काही महिने चालतात आणि मग ‘सी००३’ येतं, म्हणजे की रोखलेली आहे.

कायदाही स्पष्ट आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. यात ‘वापरणारा’ हा शब्द महत्त्वाचा. विंडोज मारून देणारा दोनशे रुपये घेऊन निघून जातो. वापरत राहते ती संस्था. हे त्यानं एका संस्थाचालकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग बिनापरवान्याचं काही नाही का?” आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं २००७ साली आणलेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली आहे, उबुंटू आहे. त्यांना अ‍ॅक्टिव्हेशन हा प्रकारच नाही, आणि इमेज कितीही यंत्रांवर चढवा. नुसतं लिहिणं-वाचणं आणि इंटरनेट असेल तिथं तो ती बसवून देतो. पण अभ्यासक्रम, परीक्षेचं सॉफ्टवेअर आणि हिशेबाचे प्रोग्राम जिथं विंडोजच मागतात, तिथं हा सल्ला पुरत नाही, हेही तो प्रामाणिकपणे सांगतो.

आता नवा हंगाम वेगळ्याच कारणानं आलाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. तालुक्यातल्या लॅबमधली बरीच यंत्रं त्याआधीची. काही ठिकाणी ती तपासणी चुकवून ११ ची इमेज चढवायची मागणी होते. तांत्रिकदृष्ट्या ती चढते. बोर्डात १० ची की असेल आणि आवृत्ती जुळत असेल तर अ‍ॅक्टिव्हेटही होते. पण अशा यंत्रांना पुढची अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, आणि परीक्षेच्या दिवशी लॅब अडली तर दोष इमेज करणाऱ्यावर येतो. तो आता असं काम लेखी घेतल्याशिवाय करत नाही.

त्याच्या दुकानात एक जाड रजिस्टर आहे. प्रत्येक लॅबसाठी काही पानं: यंत्राचा सिरियल क्रमांक, बोर्डातल्या कीची आवृत्ती, परवाना कोणत्या जातीचा, बिलाची तारीख, बोर्ड बदलला असेल तर कधी. यंत्र प्रथम हातात आलं की इमेज चढवण्याआधी तो हे भरून घेतो, कारण डिस्क पुसल्यावर निम्मे पुरावे जातात. पुढे कधीही तक्रार आली की अर्धं उत्तर त्या पानावर असतं. तंत्रज्ञाच्या हातात असलेल्या आज्ञा बदलत राहतील. बोर्डातली की वाचायला वापरायची जुनी ‘डब्ल्यूएमआयसी’ नव्या विंडोज ११ मध्ये आपोआप मिळत नाही, ते काम पॉवरशेलमधून करावं लागतं. नोंदवही मात्र चालत राहते.

लॅब असलेल्या प्रत्येक संस्थेनं हे घरच्या घरी करावं. नवी यंत्रं मागवताना मागणीपत्रावर नुसतं ‘विंडोजसह’ लिहू नका; आवृत्ती लिहा, प्रो की होम की सिंगल लँग्वेज, आणि लॅबमधली सगळी यंत्रं एकाच आवृत्तीची घ्या. बिलावर परवान्याची जात लिहून घ्या. जुनं यंत्र घेताना ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ या शब्दावर न जाता परवाना कुणाच्या नावावर आहे ते विचारा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवड्यातून एकदा यंत्रं तासभर चालू ठेवा, जुने झालेले सेल बदला. आणि बिलांची फाईल रद्दीत घालू नका. कोपऱ्यातली अक्षरं उमटतील त्या दिवशी संगणकाआधी तीच उघडावी लागणार आहे.